अंगावरचं कसं तुटलं

माय, आज पुन्हा कडुलिंबाचा पाला खाल्ला. चांगला मूठभर. अंगणातल्या झाडाची एक फांदी खाली वाकलीय, कपडे वाळत घालताना ती हाताशी येते, आणि हाताशी आली की मला कळायच्या आत पाला तोंडात गेलेला असतो. शेजारीण समजते मी साखरेसाठी खाते. समजू दे. मला साखर नाही, बीपी नाही, दातसुद्धा अजून बरेचसे जागेवर आहेत. आजचं कारण वेगळं होतं. सकाळी पोरीचा पुण्याहून फोन आला. तुझी नात आता स्वतः आई झालीय, तिचं लेकरू दुडूदुडू चालायला लागलंय, आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती मला म्हणाली, "आई, माझं अंगावरचं तू कसं तोडलं होतंस? एकदम, की हळूहळू?" आवाज गोड होता, पण माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेलाय. कोणतं पोरगं विचारतंय आणि कोणतं तपासतंय, ते मला ओळखू येतं. लहानपणापासून ती नखं खाते, अजूनही खाते, आणि आता तिनं मोबाइलवर कुठंतरी वाचलंय की ज्यांचं दूध अचानक तुटतं त्यांना मोठेपणी अशा खोडी लागतात. म्हणजे नखं तिची आणि गुन्हेगार मी. मी म्हटलं, "थांब गं, दूध उतू चाललंय, नंतर करते." गॅसवर काहीसुद्धा नव्हतं. फोन ठेवला, अंगणात आले, झाडाखाली बसले आणि पाला खात राहिले. काय सांगायचं तिला, ते मला कळेना. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं. पण तू असतानाही मी तुला हेच विचारलं होतं, आणि खरं सांगू का, तेव्हाही माझ्या हाताला धड काही लागलं नव्हतं.

आठवतं का तुला, मी परभणीला डी.एड.ला होते तेव्हाचं? आणीबाणीचे दिवस होते, भिंतीभिंतीवर शिस्तीच्या पाट्या, आणि आमचे मानसशास्त्राचे सर वर्गात शिस्तीत येऊन सुपारी चघळत शिकवायचे. गाल फुगलेला, शब्द सुपारीला वळसा घालून बाहेर यायचे. एके दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, मुखावस्था. कुणा परदेशी डॉक्टराचं म्हणणं असं की लहान लेकराचा सगळा जीव आधी तोंडात असतो, आणि त्या वयात त्याला पोटभर मिळालं नाही, किंवा मिळता मिळता एकदम तुटलं, तर त्याचं तोंड जन्मभर काहीतरी शोधत राहतं. मग तो माणूस विड्या ओढतो, नखं खातो, पेन्सिली चावतो, नाहीतर अखंड बडबडतो. माझ्या शेजारची पोरगी कानात म्हणाली, "सरांचं लय लवकर तुटलेलं दिसायलंय." मला हसू आवरेना. पण हसता हसता माझा हात तोंडापाशी गेला. तोंडात पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा होता. माझ्या तोंडात कायम काहीतरी असायचंच, तुला माहीतच आहे: पेन्सिल, पदराचं टोक, चिंचोके, आणि सगळ्यांत जास्त लिंबाचा पाला. आपल्यात पाडवा नव्हता, पण आपल्या रेल्वे क्वार्टरच्या पलीकडच्या काकू पाडव्याला वाटीत लिंबाची चटणी घेऊन यायच्या, त्यांची स्वतःची पोरं तोंडं वेंगाडायची आणि मी वाटी चाटूनपुसून परत द्यायचे. काकू म्हणायच्या, "ही पोरगी येगळीच हाय बाई." त्या दिवशी वर्गात मला पहिल्यांदा वाटलं, अरे, म्हणजे ह्याला काहीतरी कारण आहे. सर पुढच्या अवस्थेवर गेले, मुलाला शौचाची शिस्त लावण्याचं जे वय असतं त्यावर. पोरींनी माना खाली घातल्या, पोरं खाकरायला लागली, तेव्हा "ही तुम्ही पुस्तकातच वाचा" म्हणून सरांनी फळा पुसून टाकला. आणि घरी जाऊन आईला विचारा, स्वतःच्या लहानपणावर लिहून आणा, असं सांगून ते निघून गेले.

मी शनिवारच्या गाडीनं पूर्णेला आले. तू शेगडीपुढं बसलीयस. इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा तू वेचून आणायचीस, त्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. तू भाकरी थापतेस आणि मी वही मांडीवर घेऊन दारात बसते, नव्या साहेबिणीसारखी. "माय, मी अंगावर किती दिवस प्याले?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "कशाला लागतंय?" "कॉलेजात लिहून न्यायचंय." "ह्येच शिकवायलेत का तिथं तुमाला? ह्याच्यासाठी धाडलं व्हय तुला परभणीला?" पण तू सांगितलंस. येलदरीच्या धरणाचं काम निघालं होतं, बाबांना तेव्हा रेल्वेत गँगमनची नोकरी लागायची होती, तुम्ही दोघं धरणावर होतात. तू मातीच्या पाट्या वाहायचीस, मी झाडाला बांधलेल्या झोळीत. "मुकादम लेकरापाशी बसू देत नव्हता. तू तर उठता बसता मागायचीस. मंग लिंबाचा पाला वाटला आन् लावला. तुटलं." मी लगेच पेन्सिल उचलली. "एकदम तोडलंस?" "एकदम न्हाई तर काय, थोडं थोडं तोडतेत व्हय कुनी?" मी लिहून घेतलं. मग मी बाबांकडं वळले, म्हणजे त्यांच्या सवयींकडं. बाबा कामावरून आले की चपला भिंतीला रेघ मारल्यासारख्या लावायचे, मुंडाशाची घडी मोडली तर जेवायचे नाहीत. पुस्तकात होतं की लहानपणी शौचाची शिस्त फार कडक लागली की माणूस असा होतो. मी विचारलं, "बाबांना लहानपणी ही शिस्त कुणी लावली असंल?" तू आधी माझ्याकडं बघत राहिलीस आणि मग इतकी हसलीस, इतकी हसलीस की पिठाचे हात डोळ्याला लावलेस. "रानात कोन शिस्त लावितंय बाई! जिकडं आडोसा तिकडं जायचं. हे काय खूळ घेऊन आलीस!" मीही हसले. आणि हसण्याच्या भरात, अगदी सहज, म्हणून बसले, "तरीच मला सारखं काहीतरी चावायला लागतं. तू एकदम तोडलंस म्हणून."

तुझं हसू थांबलं. भाकरी तव्यावर तशीच राहिली, काळी पडायला लागली, तू हात लावला नाहीस. "माजी तपासनी करायलीस व्हय गं?" तू म्हणालीस, आवाज चढवला नाहीस, चढवला असतास तर बरं झालं असतं. "एक दिस पाटी घी डोक्यावर, दूध पदरात गळू दी, मंग इचार कुनी तोडलं ते." नंतर ती जळकी भाकरी तू स्वतःच्या ताटात घेतलीस आणि मला चांगली वाढलीस. मी जेवले. वहीत काय लिहिलं ते आता आठवत नाही, सरांनी चांगले गुण दिले एवढं खरं. पण त्यानंतर ती गोष्ट माझ्या डोक्यात जाऊन बसली ती बसलीच. पेन्सिल तोंडात घातली की मला झोळीतलं लेकरू दिसायचं, भुकेनं रडणारं, आणि त्याला कडू भरवणारी तू दिसायचीस. मला तुझी दया यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच. आपल्या मायनं आपल्याला दूर लोटलं, असं कुठंतरी आत घर करून राहिलं. तुला हे कधी बोलून दाखवलं नाही, पण तुला कळत असणार. तुला काय कळत नव्हतं?

मग राणीसावरगावच्या शाळेतली नोकरी, लग्न, आणि पोरगी. तुझे जावई गंगाखेडला नोकरीला, आठवड्यातून एकदा येणार. पोरगी सांभाळणारी म्हातारी उन्हाळ्यात स्वतःच्या लेकीकडं गेली ती परत आलीच नाही, आणि शाळा उघडायला आली. मी तुला निरोप धाडला. तू एस.टी.नं आलीस, पिशवीत चिवडा, झबली, आणि ठरवूनच आलेलीस: "लेकराला पूर्णेला नेते. पर आदी तिचं अंगावरचं तोडावं लागंल. हितं तोडू, मंग नेते." मी म्हटलं, एकदम तोडायचं नाही, त्यानं मनावर परिणाम होतो. तू म्हणालीस, "कुनाच्या?" मी म्हटलं, लेकराच्या. "आन् शाळेत कोन जाईल? मी जाऊ?" संध्याकाळी मी शाळा झाडून घ्यायला म्हणून गेले आणि परत आले तर तू पाट्यावर लिंबाचा पाला वाटत बसलेलीस. हिरवा लिबलिबीत गोळा, वास सगळ्या खोलीत. पोरगी तुझ्या पाठीला धरून उभी, वरवंट्याच्या तालावर डुलतेय. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "माझ्या लेकराला मी हे लावू देणार नाही. माझं झालं ते पुरे झालं." तू मान वर केली नाहीस. "लय कडू नसतंय," एवढंच म्हणालीस, "कवळा पाला हाय." मी रागात होते. बघू किती कडू आहे, म्हणून पाट्यावरचा तो गोळा बोटानं उचलून तोंडात टाकला.

माय, तुला ते सगळं दिसत होतं. मला वाटलं होतं थुंकून टाकीन आणि तुला सांगेन, बघ हे काय भरवलं होतंस तू मला. पण थुंकले नाही. आणखी एक बोट घेतलं. मग आणखी. उकिडवी बसून मी पाटा पुसून खाल्ला, अगदी वरवंट्याला लागलेलंसुद्धा. दिवसभराची धडधड कुठल्या कुठं गेली, अंग सैल पडलं, शेजारी तुझ्या लुगड्याचा वास होता आणि मला झोप यायला लागली. तू आधी तोंडाला पदर लावलास. मग हसायला लागलीस. मग बघते तर तुझ्या डोळ्यांतून पाणी. "आश्शीच," तू म्हणालीस, "आश्शीच खायचीस गं. झोळी लिंबाच्याच झाडाला बांधलेली असायची, खाली पडलेला पाला तू आदीच चावून ठेवायचीस. मी कडू लावलं तर तू चाटून घेतलंस आन् वरून प्यालीस. बाया लोळून लोळून हसल्या. रोज लावायचे, रोज चाटायचीस. मीच हैराण झाले." मी म्हटलं, "मग तुटलं कसं? तू तर म्हणाली होतीस पाला लावला आन् तुटलं." तू पाटा भिंतीला टेकवून ठेवलास. "मी कुटं तोडलं? तूच तोडलंस. दुपारची सुट्टी व्हती. मी पळत आले, मांडीवर घेतलं, तू तोंड लावलंस, आन् काय झालं कुनास ठाऊक, उठलीस. शेळीचं करडू व्हतं तिथं, त्याच्या मागं गेलीस. मला वाटलं येशील. आलीच न्हाईस. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. मी तशीच बसले व्हते चोळी उघडी टाकून, मुकादम वरडायलाय, आन् मी आपली बसलेली." आणि मग लगेच कमरेवर हात ठेवून उठलीस. "ऱ्हाऊ दी हिचं. मीच ऱ्हाते हितं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. तुजा बाप करून खाईल." झालं. एवढं मोठं ओझं तू असं उचललंस आणि कोपऱ्यात ठेवलंस. पाटा मात्र पुढं चार दिवस कडू राहिला, चटणीसुद्धा कडू लागायची, ती मी एकटीच आवडीनं खात होते.

मी किती हलकी झाले होते, तुला काय सांगू. मला कुणी लोटलं नव्हतं. मीच उठून गेले होते, करडाच्या मागं, मजेत. इतकी वर्षं ज्या कडूला मी शिक्षा समजत होते ती माझ्या मायच्या दुधाची चव निघाली. सरांना जाऊन सांगावंसं वाटलं. पाल्यानं दूध तुटलं असतं तर कडूचा तिटकारा यायला हवा होता ना? मग मी का मिटक्या मारते? असं बरंच काही मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. पण माय, हे सुखसुद्धा तू मला पुरतं टिकू दिलं नाहीस. तुझ्या शेवटच्या वर्षांत, पूर्णेला भावाच्या घरी तू खाटेवर पडून असायचीस तेव्हा, मी एकदा लाडात येऊन म्हटलं, "ती करडाची गोष्ट सांग ना पुन्हा." तू म्हणालीस, "कोनतं करडू?" मी आठवण दिली. तू छताकडं बघत राहिलीस. "ते तू व्हतीस का तुजी थोरली बहीन? थोरलीच असंल. न्हाईतर तुजा भाऊ. पाच लेकरं काडली बाई, कोनाचं काय झालं ते आता गल्लत व्हायलीय. येकाला तर मी आजीपाशी सोडून गेल्ते, आल्यावर वळखलं न्हाई त्यानं मला. ते कोन व्हतं गं?" असं मलाच विचारलंस! मी तुझे पाय चेपत राहिले. पाला चाटणारी मीच होते, हे पाट्यानं सिद्ध केलंय, त्यात मला शंका नाही. पण उठून गेली ती कोण? आजीपाशी सोडलं ते कोण? तू त्या संध्याकाळी खरं सांगितलंस, की माझं रागानं लाल झालेलं तोंड बघून दुसऱ्या लेकराची गोष्ट माझ्या पदरात घातलीस? तू तसं करू शकली असतीस. चांगली भाकरी मला आणि जळकी स्वतःला, अशीच तू वाढत आलीस.

आता पोरगी माझ्या फोनची वाट बघतेय आणि माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय. तिचं मी तोडलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकते, तरी ती नखं खाते. माझं तोडलं असेल किंवा नसेल, मी पाला खाते. माझ्या शाळेत किती पोरं पेन्सिली चघळायची, त्यांत ऊसतोडीला गेलेल्या आयांची पोरं होती तशी घरी बसलेल्या आयांचीही होती. पुस्तक खोटं आहे असं म्हणायचं धाडस होत नाही, कारण लहानपणी काहीतरी घडतं आणि ते राहतं, हे माझी जीभच मला रोज सांगते. पण काय घडलं ते लेकराला आठवत नाही आणि मायला गल्लत होते, मग ते लिहून कोण ठेवणार? आणि सरांच्या त्या सगळ्या अवस्थांमध्ये माय कुठंच नव्हती, नुसतं तिचं दूध होतं. लेकराला काय वाटलं, त्याचं पुढं काय झालं, एवढंच. दुपारच्या उन्हात चोळी उघडी टाकून बसलेल्या बाईचं पुढं काय झालं, तिला कोणती खोड लागली, हे सरांनी कधी लिहून आणायला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पोरीला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. पण तुला एक सांगायचं राहिलंय. हा कागद कुठं धाडायचा नाहीच आहे, तर सांगूनच टाकते.

ते राणीसावरगावचे दिवस. तू दोन दिवसांसाठी बाबांना बघायला पूर्णेला गेली होतीस. रविवार होता. पोरीला मांडीवर घेतलं, तिनं तोंड लावलं, आणि लगेच सोडून उठली. कोपऱ्यात भांडी पडली होती, तिकडं गेली आणि झाकणं आपटत बसली. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं आणि पुन्हा झाकणं. मला वाटलं येईल. संध्याकाळ झाली, आली नाही. दुसऱ्या दिवशी तिला शेजारणीपाशी ठेवलं होतं, दुपारी शाळेतून पळत आले, छाती भरून दुखत होती, पदर ओला. मांडीवर घेतलं तर हातपाय झाडून सुटली. सगळे प्रश्न सुटले होते, माय, शाळा सुटणार नव्हती, पोरीच्या मनावर परिणाम होणार नव्हता, सगळं पुस्तकाबरहुकूम झालं होतं, आणि मी हमसून हमसून रडले. तू परत आलीस, खुंटीवरचं माझं ब्लाउज धुवायला घेतलंस आणि म्हणालीस, "ह्याला मुंग्या कशा लागल्या गं इतक्या?" मी म्हटलं, शाळेत खाऊ वाटला, सांडला असेल. तू माझ्याकडं बघितलंस, दारात जाऊन ब्लाउज झटकलंस, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. माय, तो खाऊ नव्हता. गूळ होता. तू कडू लावलंस, मी गूळ लावला होता. तिनं येऊन चाटून घेतला, माझ्याकडं बघून गोड हसली, आणि उठून पुन्हा झाकणांकडं गेली.